जुन्या एसयूव्हीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ऑइल एकदाही बदललेलं नाही, आता हात लावू की नको?

निळी_एसयूव्ही

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबांची एसयूव्ही आता माझ्याकडे आलीय. २००७ ची आहे, लॅडर फ्रेमवाली, एरवी मागच्या चाकांवर चालते आणि लागेल तेव्हा फोर व्हील लावता येतं, गिअरबॉक्स पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक. रनिंग १,८६,००० किमी. बाबांनी इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट सगळं वेळच्या वेळी बदललंय, वहीत तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलेत, पण गिअरबॉक्सच्या ऑइलची त्या वहीत एकही नोंद नाही. विचारलं तर म्हणाले, ते आयुष्यभराचं असतं असं गाडी घेताना सांगितलं होतं म्हणून कधी हात लावला नाही.

गाडी चालते चांगली, पण तीन गोष्टी मनात खुपतायत. सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकला की लागायला वेळ घेतो, दोनेक सेकंद, गरम झाल्यावर नाही घेत. दुसरं म्हणजे ब्रेक लावून पूर्ण थांबल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी, मागून कुणी ढकलल्यासारखा हलका ठोका बसतो. आणि तिसरं, ६५-७० च्या स्पीडला अगदी हलक्या पायाने चालवत असले की कधीकधी बारीक थरथर येते, रस्त्यावरच्या खरबरीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी, दोन-तीन सेकंद राहते आणि जाते.

दोन गॅरेजला दाखवली. एकाने सांगितलं ताबडतोब फ्लश करा, म्हणजे मशीनने जोर लावून सगळं जुनं ऑइल बाहेर काढा, दुसरा म्हणाला इतकं जुनं ऑइल आता काढलंत तर गिअरबॉक्स बसलाच समजा, आहे तसं चालू द्या. दोघंही इतक्या खात्रीने बोलले की मी घरी येऊन अजूनच गोंधळले. मला ही गाडी अजून बरीच वर्षं चालवायचीय, विकायची नाहीये. बिघडायच्या आधी काय काय करून ठेवायला हवं आणि कुठल्या क्रमाने, हे ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा प्लीज.

चौथा_गिअर

फ्लश करा की नका करू हे आत्ता ठरवूच नका. आधी ऑइल बघा. डिपस्टिक आहे ना तुमच्या गाडीला? पाच गिअरच्या बऱ्याच बॉक्सना असते.

वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून ऑइल नीट गरम होऊ द्या, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन चालूच ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी पासून खालपर्यंत प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत फिरवा आणि परत पी ला आणा, मग डिपस्टिक काढून पुसा, परत घालून काढा आणि हॉट लिहिलेल्या खुणांमध्ये लेव्हल आहे का ते बघा. गार ऑइलवर घेतलेलं माप धरू नका, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) गरम झालं की चांगलंच फुगतं. आणि पुसायला फडकं वापरणार असाल तर धागे न सुटणारं घ्या, एक बारीक धागासुद्धा व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइल बारीक वाटांतून क्लचकडे वळवणाऱ्या भागात, नको जायला. आधी मॅन्युअल वाचा मात्र, कारण होंडाच्या बऱ्याच गाड्यांत हेच माप इंजिन बंद करून लगेच घ्यायचं असतं.

मग त्यातला एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि वास घ्या. लाल किंवा तपकिरी लाल, वास साधा तेलाचा, बोटांत चोळल्यावर गुळगुळीत, म्हणजे ऑइल म्हातारं झालंय पण गिअरबॉक्स जिवंत आहे. काळं, करपट वास, बोटाला कचकच लागते, म्हणजे क्लच प्लेटींचं अस्तर जळून ऑइलमध्ये उतरलंय. दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी चालवायचीच बंद करा, त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय. एक अपवाद लक्षात ठेवा, क्रायस्लरचं एटीएफ+४ असेल तर रंग-वासावरून काही ठरवता येत नाही, ते चांगलं असतानाही लवकर काळपट होतं आणि त्याला स्वतःचा वेगळाच वास असतो.

आता ते आयुष्यभराचं म्हणतात त्याबद्दल. झेडएफ ही कंपनी कितीतरी मोठ्या ब्रँडना गिअरबॉक्स बनवून देते, त्यातल्या काही कार कंपन्या त्याच बॉक्सला लाइफटाइम फिल म्हणतात, आणि खुद्द झेडएफ सांगते की ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षं, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला. ज्यांनी बॉक्स बनवला तेच असं म्हणतायत तर अजून कुणाला विचारायचं? तुमच्या बाबांची चूक नाही, सांगितलंच तसं गेलं.

इंजिनातलं ऑइल मुख्यतः वंगणाचं काम करतं, इथे मात्र ऑइल म्हणजे गिअरबॉक्सचं रक्तच आहे. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून ऑइलच्याच प्रवाहातून पुढे जाते, गिअर बदलताना क्लच प्लेटी ऑइलच्याच दाबाने आवळल्या जातात, उष्णता बाहेर न्यायचं कामही तेच करतं आणि प्लेटींनी किती घसरायचं किती धरायचं हे त्यातल्या ॲडिटिव्हवर ठरतं. ती ॲडिटिव्ह संपतात. तुमची ६५-७० ची थरथर मला तिथलीच वाटतेय.

सावकाश_जा

मी दुसरी बाजू सांगतो कारण मी भोगलंय. माझी पण जुनी एसयूव्ही, दोन लाखाच्या वर रनिंग, तोपर्यंत गिअरबॉक्सला हात लावलेला नव्हता. सगळ्यांनी सांगितलं बदल म्हणून बदललं, महिन्याभरात तिसरा गिअर पूर्ण गेला, गाडी उचलून न्यावी लागली. आधी चालत तरी होती. तेव्हापासून माझं मत एकच, जुन्याला जुनं राहू द्यावं. तुम्हाला घाबरवायचं नाहीये ताई, पण हेही माहीत असू द्या.

हात_काळे

मी गिअरबॉक्स उघडायचंच काम करतो, बरीच वर्षं झाली. सावकाश_जा दादा, तुमचं नुकसान झालं ते खरंच आहे, मी ते खोटं म्हणत नाही. फक्त एक आठवून सांगा, ऑइल बदलायच्या आधी गाडी काही त्रास देत होती का? म्हणजे कुठल्या कारणाने बदलायला घेतलं?

सावकाश_जा

हो, चढावर तिसऱ्यात आरपीएम एकदम वर जायचा आणि गाडी ओढायची नाही, म्हणूनच दाखवली होती. ऑइल काढलं तेव्हा अगदी काळं होतं, वास पण घाण येत होता.

हात_काळे

हेच विचारायचं होतं. दादा, तुमचा तिसऱ्याचा क्लच ऑइल बदलायच्या आधीच संपला होता. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेक केस अशाच असतात. गाडी घसरायला लागते, मग ऑइल आठवतं, बदलतात, बॉक्स जातो आणि नाव ऑइलचं होतं. असं का होतं तेही सांगतो म्हणजे कुणाच्या मनात शंका राहायला नको. क्लच प्लेटीवर कागदासारखं अस्तर असतं, ते झिजून त्याची भुकटी जुन्या ऑइलमध्ये तरंगत असते आणि झिजलेल्या प्लेटीला त्या कचकचीची थोडी पकड मिळत असते, नवं स्वच्छ ऑइल आलं की ती गेली. शिवाय नव्या ऑइलमधलं डिटर्जंट वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर सुटा करतं, आणि मशीनने जोरात फ्लश मारलं असेल तर तो थर एका दमात सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये आणि सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेच्या) जाळीत जाऊन बसतो. म्हणजे भीती अगदीच निराधार नाही, पण ती मेलेल्या क्लचच्या बॉक्सला लागू आहे, सगळ्या जुन्या गाड्यांना नाही.

म्हणून माझा नियम असा. बॉक्स घसरत असेल, ऑइल करपलेलं असेल, तर ऑइल बदलून वाचेल ही आशा धरायची नाही, उघडायची तयारी ठेवायची. घसरत नसेल आणि ऑइल फक्त म्हातारं झालं असेल तर जरूर बदलायचं, पण फ्लश नाही, साधं ड्रेन आणि फिल, म्हणजे खालचा नट सोडून निघेल तेवढं काढायचं आणि तेवढंच नवं भरायचं, आणि ते दोन-तीन हप्त्यांत.

निळी_एसयूव्ही ताई, तुम्ही डिपस्टिकचं बघून सांगा. आणि एक छोटी टेस्ट करा. थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर आहे तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल नुसतं टेकवा, गाडी थांबवायची नाही, फक्त मागचे दिवे लागतील इतकंच. मागे गाडी नसताना, मोकळ्या रस्त्यावर, आणि डाव्या पायाची सवय नसेल तर आधी रिकाम्या जागेत सराव करून. ब्रेकचा स्विच दबला की कन्व्हर्टरचं लॉक अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या आतल्या क्लचची पकड, सुटतं. त्याच क्षणी थरथर गेली तर ती लॉक अप क्लचची. नाही गेली तर इंजिनचा मिसफायर असू शकतो, स्पार्क प्लग, कॉइल वगैरे, आणि मग गिअरबॉक्सला दोष देऊन उपयोग नाही. हे दोन इतके सारखे जाणवतात की चांगले चांगले फसतात.

दोन_डिफ

सगळे ऑइलवरच बोलतायत म्हणून त्या ठोक्याबद्दल मी लिहितो. पूर्ण थांबल्यावर मागून ढकलल्यासारखा ठोका हे मागच्या चाकांवर चालणाऱ्या लॅडर फ्रेमच्या गाड्यांचं फार जुनं दुखणं आहे आणि बहुतेक वेळा त्याचा गिअरबॉक्सशी काही संबंध नसतो. प्रोपेलर शाफ्टमध्ये एक आत-बाहेर सरकणारा सांधा असतो, स्लिप योक म्हणतात, ब्रेक लावल्यावर मागचा ॲक्सल थोडा फिरतो आणि शाफ्टची लांबी बदलते, तिथलं ग्रीस सुकलं असेल तर तो सांधा अडकतो आणि गाडी थांबल्यावर एकदम सुटतो, ठक्. काही शाफ्टना ग्रीसचं निपल असतं, तिथे ग्रीस मारायचं, पण स्लिप योकला भरमसाठ ग्रीस भरू नका, आत कोंडून शाफ्ट सरकायचाच बंद होतो. निपल नसेल तर शाफ्ट काढून दाते साफ करून ग्रीस लावावं लागतं, काढायच्या आधी दोन्ही बाजूंना खूण करा आणि त्याच जागी परत बसवा, नाहीतर नवीन व्हायब्रेशन मागे लागेल.

तिथे गेलाच आहात तर युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस हाताने हलवून बघा, अजिबात खेळ नको. इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर पण बघा, रबर बसलं असेल तर प्रत्येक गिअरला धक्का जाणवतो आणि माणूस उगाच गिअरबॉक्स उघडायला निघतो.

आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटतो तो), पुढचा डिफरेन्शियल, मागचा डिफरेन्शियल (डिफ, ॲक्सलवर डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे), या तिघांचं ऑइल वेगळं असतं हे कृपया विसरू नका. बाबांच्या वहीत त्याचीही नोंद नसेल तर ते पण आजवर बदललेलं नाही असंच धरा. प्रत्येकाचा ग्रेड मॅन्युअलमध्ये असतो, काही ट्रान्सफर केसला एटीएफच लागतं, काहींना गिअर ऑइल, अंदाजाने भरू नका.

अजून एक फुकटची गोष्ट, ब्रीदर. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफ सगळ्यांना हवा जायला बारीक नळी किंवा टोपी असते, ती चिखलाने बुजली की आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो आणि लोक सील बदलत बसतात. पाण्यातून गाडी नेली असेल तर उलटं होतं, गरम बॉक्स एकदम गार पडतो आणि पाणी आत ओढलं जातं.

निळी_एसयूव्ही

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

डिपस्टिक बघितली, सांगितलं तसंच. लेव्हल हॉटच्या खालच्या खुणेच्या थोडी खाली आहे. रंग गडद तपकिरी, धरून उजेडात बघितलं तर लालसर झाक दिसते. करपट वास नाही. कचकच नाही. टिश्यूवर मध्ये काळा ठिपका राहिला नाही, सगळं सारखं पसरलं. ब्रेक टेकवायची टेस्ट भावाला शेजारी बसवून केली, चार वेळा थरथर आली, चारही वेळा ब्रेक टेकवताच गेली. म्हणजे लॉक अपच ना? आणि कुठेही आरपीएम वर पळत नाही, चढावर मुद्दाम बघितलं.

मॅन्युअलमध्ये एकूण ऑइल १०.५ लिटर आणि ड्रेन केल्यावर ३.५ लिटर असं लिहिलंय. बाकीचं ७ लिटर कुठे राहतं? आणि मग बदलून काय उपयोग झाला?

हात_काळे

ताई, रिपोर्ट चांगला आहे. बॉक्स वाचवण्यासारखा आहे, आणि अगदी योग्य वेळी आलात.

बाकीचं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरच्या पाईपात आणि व्हॉल्व्ह बॉडीत राहतं. एका ड्रेनमध्ये तुमचं एक तृतीयांश बदलतं. दुसऱ्या ड्रेनला जे निघतं त्यात थोडं नवंही असतं, म्हणून हिशेब सरळ बेरजेचा नाही. एकदा केलं की नवं ३३ टक्के, दोनदा ५५, तीनदा ७० आणि चारदा ८० टक्क्यांच्या आसपास. मी तीनवर थांबा म्हणेन, दोन ड्रेनच्या मध्ये हजारभर किमी गाडी चालवून. म्हाताऱ्या बॉक्सला हे हळूहळू केलेलं मानवतं, सुटलेला कचरा फिल्टरमध्ये आणि चुंबकावर जमायला वेळ मिळतो. फिल्टर पहिल्याच ड्रेनला बदला.

लेव्हल कमी होती म्हणजे कुठेतरी थोडं पाझरतंय. रिव्हर्स उशिरा लागण्याचं एक कारण तेही असू शकतं, दुसरं म्हणजे रात्रभरात कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरतं आणि गार झालेली जुनी सील जरा कडक असतात. चेंबरचं (बॉक्सच्या खालच्या ऑइलच्या ट्रेचं) गॅस्केट, कूलरच्या पाईपांचे जोड, लिव्हरच्या शाफ्टचं सील आणि मागचं आउटपुट सील बघून घ्या.

आता काम करताना काय काय. सगळ्यात आधी जिथून ऑइल भरायचं ती जागा उघडते का ते बघा, मगच खालचा नट सोडा. तुमच्याकडे डिपस्टिकच्या नळीतून भरता येईल, पण ज्यांचा सीलबंद बॉक्स आहे त्यांच्यात मी हे पाहिलंय, खालून सगळं ऑइल काढलं आणि भरायचा प्लग गंजून निघेना, गाडी जागची हलेना. ऑइल कोमट असताना काढा, उकळतं नको, हात भाजतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, स्टँड लावा, चाकांना दगड लावा. निघालेलं ऑइल मापाच्या कॅनमध्ये मोजा, कारण जेवढं निघालं तेवढंच भरायचं आणि मग गरम करून डिपस्टिकवर नेमकं करायचं. जास्त भरलेलंही वाईटच, फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात आणि फेसाला दाब धरता येत नाही.

चेंबर काढलं की आत चुंबक दिसतील. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणारच, त्याला घाबरू नका, १,८६,००० किमीची ती साहजिक झीज आहे. बोटांत चोळून बघा, मऊ असेल तर ठीक. टोचणारे तुकडे, चकचकीत पत्री, पितळेसारखे पिवळे कण दिसले तर तिथेच थांबा आणि फोटो टाका. चेंबरचे बोल्ट छोटे असतात, टॉर्क रेंचने मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या आकड्यालाच आवळा, एकदम नाही, समोरासमोरचे थोडे थोडे. जास्त आवळलं की चेंबरचा काठ वाकतो आणि मग कायमची गळती. सिलिकॉनचा जाड थर थापू नका, त्याचे आतले धागे सुटून फिल्टरला चिकटतात.

चौथा_गिअर

ऑइल कुठलं यावर एक शब्द, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. लाल रंग म्हणजे सगळं सारखं नाही. मॅन्युअलमध्ये किंवा डिपस्टिकवर जे नाव कोरलंय तेच स्पेसिफिकेशन भरा. टोयोटाचं टी-४ आणि डब्ल्यूएस एकमेकांच्या जागी चालत नाहीत, डब्ल्यूएस बरंच पातळ आहे. फोर्डचं मरकॉन व्ही आणि मरकॉन एलव्ही पण तसंच. डेक्सरॉन ३ मागणाऱ्या जुन्या जीएम बॉक्सना मात्र डेक्सरॉन ६ चालतं, खुद्द जीएमनेच तसं सांगितलंय. आणि सीव्हीटीचं (गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑइल या बॉक्समध्ये किंवा याचं सीव्हीटीमध्ये चुकूनही नाही, तिथे पट्टा धातूवर पकड धरतो, सगळी केमिस्ट्री वेगळी.

एकच बाटली सगळ्या गाड्यांना चालते असं लिहिलेली ऑइलं मिळतात, काही बरी असतात, पण ज्या गाडीला आधीच लॉक अपची थरथर आहे तिथे मी तरी ती जोखीम घेणार नाही. थरथर थांबवायची ॲडिटिव्हची छोटी बाटली मिळते तीही आत्ता नको, आधी योग्य ऑइलने किती फरक पडतो ते कळू दे.

निळी_एसयूव्ही

पहिला ड्रेन झाला! एका ओळखीच्या मेकॅनिककडे उभं राहून करून घेतला, त्यांना ही सगळी चर्चा वाचून दाखवली, त्यांनी राग न मानता ऐकलं.

३.२ लिटर निघालं, म्हणजे कमीच होतं. चुंबकावर मऊ करडा लेप, तुकडे नाहीत. फिल्टर नवा, गॅस्केट नवं. गळती लिव्हरच्या शाफ्टच्या सीलमधून होती, ते पण बदललं. स्लिप योकला निपल होतं, ग्रीस अगदी सुकलेलं. तीन पंप मारले आणि थांबतानाचा ठोका त्याच दिवशी गेला, मला खरंच विश्वास बसेना, इतके दिवस मी ते गिअरबॉक्सचं समजत होते. दोन_डिफ, मनापासून धन्यवाद. डिफचं ऑइल पण काढलं, मागचं एकदम काळं होतं.

थरथर कमी झालीय, गेलेली नाही. रिव्हर्स आता सव्वा सेकंद वगैरे. कॉम्प्युटर लावून ॲडाप्टेशन रीसेट करायला सांगतायत, करू का? आणि गाडीच्या मागे कधीकधी ट्रेलर लावतो आम्ही, शिवाय चढाचे रस्ते पण बरेच होतात, तर वेगळा कूलर बसवावा का?

हात_काळे

रीसेट आत्ता नका करू. झिजलेल्या क्लचप्रमाणे दाब किती द्यायचा हे कॉम्प्युटर शिकलेला असतो, ते सगळं पुसलं की पुन्हा शिकेपर्यंत झटके बसतात. तिसऱ्या ड्रेननंतर गाडी गुळगुळीत चालत असेल तर रीसेटची गरजच पडणार नाही. थरथरही तेव्हाच बघू, कन्व्हर्टरमध्ये अजून दोन तृतीयांश जुनंच ऑइल आहे. स्कॅनर लावलाच तर दोन गोष्टी बघून घ्या, लॉक अप झाल्यावर कन्व्हर्टरची स्लिप (घसरण) किती आरपीएम दाखवतोय, आणि जुना कोड साठलेला आहे का. पी०७४१ असेल तर लॉक अप नीट होत नाही, पी०७३० असेल तर गिअरचं प्रमाण चुकतंय म्हणजे कुठेतरी घसरतंय. नुसता पी०७०० दिसला तर तो फक्त सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरा कोड आहे, तो वाचा.

कूलरबद्दल, ट्रेलर ओढताय तर माझं मत हो. पण आधी तापमान मोजा. स्कॅनरवर एटीएफचं तापमान दिसतं, ८० ते ९५ अंश हे रोजचं घर आहे. चढावर ट्रेलरसकट ११० च्या पुढे जाऊन तिथेच राहत असेल तर कूलर लावाच. ढोबळ हिशेब असा आहे की प्रत्येक १० अंश वाढीला ऑइलचं आयुष्य निम्म्यावर येतं. १२० च्या पुढे त्याचा चिकट थर बसायला लागतो, त्याच्याही वर गेलं की रबराची सील कडक होतात आणि प्लेटी जळतात. मी उघडलेल्या बॉक्समध्ये दात तुटून गेलेले थोडे, उष्णतेने गेलेलेच जास्त.

लावताना रेडिएटरमधल्या कूलरच्या पुढे जोडा, म्हणजे ऑइल आधी रेडिएटरमधून जाईल, मग नव्या कूलरमधून आणि मग बॉक्सला परत. रेडिएटरवालं काढून टाकू नका, थंडीत तेच ऑइल लवकर गरम करतं. तुमचा रेडिएटर मूळचाच असेल तर मात्र तोच बदलून घ्या असं मी आग्रहाने सांगेन. त्याच्या टाकीत ऑइलची नळी कूलंटमध्ये बुडालेली असते, ती आतून सडली की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं, प्लेटींचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो सुटतो आणि चांगला बॉक्स काही दिवसांत जातो. १७-१८ वर्षांचा रेडिएटर वापरून ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

दोन_डिफ

चढावर चालवण्याबद्दल एवढंच, ट्रेलर लावला की ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद ठेवा, वरच्या गिअरमध्ये सारखं आत-बाहेर होत राहिलं की बॉक्स तापतो. चढावर थांबलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक वापरा, नाहीतर सगळी ताकद कन्व्हर्टरमध्ये उष्णता होते. उतारावर पार्क करताना आधी हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, मग पी. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्समधून डी मध्ये जायचं नाही. आणि बंद पडली तर दोरीने ओढत नेऊ देऊ नका, बॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे आत वंगण नाही, सपाट ट्रकवर चढवूनच न्या.

सावकाश_जा

हात_काळे, तुमचं पटलं. इतकी वर्षं मी लोकांना बदलू नका म्हणून सांगत होतो, माझा क्लच आधीच गेलेला होता हे कुणी सांगितलंच नव्हतं. आत्ताच्या गाडीचं रनिंग ९४,००० आहे, घसरत नाही, ऑइल लालसर आहे. या आठवड्यात पहिला ड्रेन करतो.

निळी_एसयूव्ही

रेडिएटर मूळचाच निघाला, नवा मागवलाय, दुसऱ्या ड्रेनच्या वेळीच बसवून घेते म्हणजे पाईप एकदाच सुटतील. काल ट्रेलर नसताना चढावर तापमान १०४ पर्यंत गेलं आणि वर पोचल्यावर दहा मिनिटांत ९२ ला आलं. ट्रेलर लावून मोजलं की आकडा टाकते, कूलर त्यावर ठरवू. बाबांनी वहीत नवीन पान उघडून १,८६,४०० ला ३.५ लिटर असं लिहिलंय आणि मला विचारतायत, चेंबरच्या ड्रेन प्लगचं वॉशर दर वेळी नवं घालायचं का?

हात_काळे

तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं चपटं वॉशर असेल तर दर वेळी नवं. रबराची ओ रिंग असेल तर तीही बदला, बसवताना तिला थोडं एटीएफ लावा.